रेडिओवर पहिल्यांदा बोललेला माणूस आणि त्याचा तापणारा माइक

टेबलावर ठेवायचा, आत ॲम्प्लिफायर असलेला डेस्क माइक घ्यावा का? बारामती-इंदापूर भागात ज्यांना हॅम रेडिओचं लायसन्स नुकतंच मिळालंय, ती पोरं-पोरी मला हे हमखास विचारतात. मी उत्तर रेजिनाल्ड फेसेंडेनपासून सुरू करतो. मार्कोनी सगळ्यांना माहीत असतो, तो शाळेच्या पुस्तकात भेटतो. पण रेडिओवरून माणसाचा आवाज पहिल्यांदा पाठवला तो फेसेंडेनने, आणि त्याच्याकडे ॲम्प्लिफायर नावाची वस्तूच नव्हती.

जन्म ६ ऑक्टोबर १८६६, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात. वडील धर्मोपदेशक, पैसा बेताचा. पदवी हातात न घेताच पठ्ठ्याने बर्म्युडा बेटावर मास्तरकी केली आणि मग एडिसनकडे नोकरी मागायला न्यूयॉर्क गाठलं. आधी नकार मिळाला. तरी १८८६ मध्ये जमिनीखालच्या विजेच्या केबल तपासायच्या कामावर लागला आणि तिथून थेट एडिसनच्या प्रयोगशाळेत पोचला. १८९० मध्ये पैशांच्या अडचणीमुळे एडिसनने माणसं कमी केली, त्यात हाही गेला. पुढे पदवी नसलेला हा माणूस अमेरिकेत विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला!

त्या काळचा रेडिओ म्हणजे ठिणगी. ठिणगी उडाली की लहर जायची आणि लगेच विरायची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बादलीने पाणी फेकल्यासारखं. लांब-आखूड फेकून मोर्सचा संदेश जातो, आवाज नाही जात. फेसेंडेनचं म्हणणं होतं की लहर नीरा डाव्या कालव्यासारखी अखंड वाहिली पाहिजे. मग त्या प्रवाहावर दारं धरायची, म्हणजे आवाजाच्या चढउताराप्रमाणे पाणी कमी-जास्त सोडायचं. आज आपण ज्याला एएम म्हणतो ते हेच. तेव्हाच्या बऱ्याच जाणकारांना हे पटत नव्हतं.

१९०० मध्ये तो अमेरिकेच्या हवामान खात्यात लागला. २३ डिसेंबर १९०० ला पोटोमॅक नदीतल्या कॉब बेटावर त्याने सुमारे दीड किलोमीटरवरच्या सहकाऱ्याला माइकवरून विचारलं, तिकडे बर्फ पडतोय का. सहकाऱ्याने तारयंत्राने होकार कळवला. लहर अजून ठिणगीचीच होती, त्यामुळे आवाजाबरोबर प्रचंड खरखर गेली. पण शब्द कळले. दोन वर्षांत खात्याच्या प्रमुखाने पेटंटमध्ये निम्मा वाटा मागितला आणि हा भांडून बाहेर पडला. मला वाटतं, बरोबर केलं.

मग पिट्सबर्गच्या दोन धनिकांनी पैसा लावला. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँट रॉकला उंच मनोरा उभा राहिला, दुसरा स्कॉटलंडमध्ये. जानेवारी १९०६ मध्ये दोन्हींत अटलांटिकपार दुतर्फा मोर्स संभाषण झालं. डिसेंबरच्या वादळात स्कॉटलंडचा मनोरा कोसळला. त्याच महिन्यात, २१ तारखेला, फेसेंडेनने अखंड लहर देणाऱ्या जनित्रावरून पाहुण्यांसमोर साधारण १८ किलोमीटरवरच्या प्लिमथला आवाज पोचवून दाखवला. नाताळच्या आदल्या रात्री त्याने व्हायोलिन वाजवून जगातला पहिला कार्यक्रम प्रसारित केला, ही गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे सापडेल. तिचा आधार मात्र त्याने आयुष्याच्या शेवटी लिहिलेलं पत्र आहे, आणि अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

आता त्याचा माइक बघा. आत कोळशाचे कण. आवाजाने ते दबले की वीज जास्त वाहते, सैल झाले की कमी. ॲम्प्लिफायर नसल्यामुळे हा माइक थेट अँटेनाच्या तारेत जोडलेला. म्हणजे दारं धरणाऱ्याच्या अंगावर अख्खा कालवा! माइक इतका तापायचा की तो पाण्याने थंड ठेवावा लागायचा. पुढे व्हॅक्यूम ट्यूबचे ॲम्प्लिफायर आले आणि माइक या ओझ्यातून सुटला. तुमच्या फोनचा माइक काही मिलिव्होल्ट देतो, बाकी कष्ट पुढचं सर्किट करतं.

डेस्क माइकमधला ॲम्प्लिफायर एवढंच करतो की ते मिलिव्होल्ट सेटला हवेत तितके वाढवून देतो. ट्रान्समीटरची ताकद त्याने वाढत नाही. सेटला आधीच पुरेसा आवाज मिळत असेल, तर वरून वाढवलेला आवाज फक्त फाटतो, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो आणि खोलीतला पंखा, बाहेरची मोटर, उसाचा ट्रॅक्टर सगळं हवेत जातं. एफएम सेटवर तर जादा आवाज आतलं सर्किटच छाटून टाकतं.

म्हणून आधी सेटसोबत आलेला हातातला माइक वापरून समोरच्याला विचारा. आवाज मंद येतो म्हणाला तरच डेस्क माइकचा विचार करा. घेताना पिनांची जोडणी तपासा, कारण आठ पिनांचं तेच गोल सॉकेट असलं तरी कंपनीगणिक वायरिंग वेगळं असतं. पहिल्यांदा माइकची घुंडी अगदी खाली ठेवायची, नेहमीच्या आवाजात बोलत हळूहळू वाढवायची आणि सेटवर एएलसीचा मीटर असेल तर काटा त्याच्या पट्ट्यात राहील तिथे थांबायचं. काही माइकमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते, बरेच दिवस वापर नसेल तर ती काढून ठेवा. आणि बोलायचं बटण लॉक होत असेल तर सांभाळा, विसरलात तर सगळ्यांचा चॅनेल अडतो.

फेसेंडेनचं पुढे काय झालं? १९११ मध्ये त्याच्याच कंपनीने त्याला काढलं आणि वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. टायटॅनिक बुडाल्यावर त्याने पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकायचं यंत्र बनवलं, १९१४ मध्ये समुद्रात त्याने हिमनग ओळखून दाखवला. पेटंटचा दावा १९२८ मध्ये पाच लाख डॉलरवर मिटला, त्यातला मोठा भाग वकिलांकडे गेला. उरलेल्या पैशात तो पत्नी हेलनसोबत बर्म्युडाला, जिथे तरुणपणी मास्तरकी केली होती तिथेच, राहायला गेला. २२ जुलै १९३२ ला तिथेच वारला.