सात नंबरच्या जर्सीचा ट्रेड

आयपीएलची ट्रेड विंडो उघडली की तुमच्या ग्रुपवर काय धिंगाणा होतो, ते तुम्हाला माहीत आहे. कुणाला सोडलं, कुणाला घेतलं, मालकाचं डोकं फिरलंय का, वगैरे वगैरे. तरी तिथे एक बरं आहे. ट्रेड करायचा तर खेळाडूची संमती लागते. १९३४ सालच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये असलं काहीच नव्हतं. एकदा सही केली की तुम्ही क्लबचे. ठेवायचं, विकायचं की आठशे मैल लांब दुसऱ्या शहरात पाठवायचं, हे मालक ठरवणार आणि तुम्ही बॅग भरणार.

हॉवी मोरेन्झने अशीच बॅग भरली. तो कोण होता, हे कळल्याशिवाय त्यातलं दुखणं कळणार नाही.

आपण हॉकी म्हणतो ती मैदानातली. ही बर्फावरची. पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. आणि वेग असा की पहिल्यांदा बघणाऱ्याला पक कुठे आहे तेच दिसत नाही. या खेळात मोरेन्झचं एकच भांडवल होतं, त्याचे पाय. जन्म १९०२ चा, कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या मिचेल या छोट्या गावचा. घरचे मूळचे जर्मन. पुढे कुटुंब जवळच्याच स्ट्रॅटफर्डला गेलं. तिथे हा पोरगा रेल्वेच्या कारखान्यात काम शिकायचा आणि संध्याकाळी हॉकी खेळायचा. त्याच्यापुढे सगळे उभे असल्यासारखे वाटायचे, म्हणून गावाच्या नावावरून त्याची टोपणनावंही वेगाचीच पडली. एक तर सरळ उल्काच.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा मालक लिओ डँड्युरँड याने १९२३ मध्ये त्याच्याशी करार केला. इथे एक गंमत आहे, खरं तर गंमत नाहीच. सही केल्यावर हॉवी घाबरला. आपण एवढ्या मोठ्या लीगच्या लायकीचे नाही, घर सोडवणार नाही, असं वाटून त्याने आगाऊ मिळालेले पैसे परत पाठवले. डँड्युरँडने त्याला मॉन्ट्रियलला बोलावून घेतलं. पोरगा त्याच्यासमोर रडला, सोडा म्हणाला. मालक ऐकेना. इथे खेळायचं नसेल तर कुठेच व्यावसायिक हॉकी खेळता येणार नाही, अशी तंबीच मिळाली. आपल्या वयाचा, एकवीस वर्षांचा मुलगा. थांबला.

आणि मग त्याने मॉन्ट्रियलला वेड लावलं. पहिल्याच हंगामात स्टॅन्ली कप. नंतर १९३० आणि १९३१, लागोपाठ दोन. १९२९-३० च्या हंगामात ४४ सामन्यांत ४० गोल. लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी तीनदा: १९२८, १९३१, १९३२. (ही ट्रॉफी दिली होती डॉ. डेव्हिड हार्ट यांनी. त्यांचा मुलगा सेसिल हार्ट म्हणजे त्या दोन लागोपाठच्या कपांच्या वेळचा मोरेन्झचा कोच. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.) डाव्या बाजूला ऑरेल जोलिया, उजवीकडे जॉनी गान्यो आणि मध्ये सात नंबरची जर्सी. कॅनेडियन्स ही शहरातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांची टीम, आणि त्यांचा सगळ्यांत लाडका खेळाडू हा जर्मन वंशाचा, इंग्रजी बोलणारा गडी. त्याला चांगले कपडे आवडायचे, युकुलेले वाजवायचा, घोड्यांवर पैसे लावायचा. पण टीम हरली की रात्रभर झोप नाही, रस्त्यांवर एकटाच चालत राहायचा.

आता पैशाचं बघू, कारण इथून पुढची गोष्ट पैशाचीच आहे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. लोकांकडे भाड्याला पैसे नाहीत, तिकिटाला कुठून येणार? लीगमधल्या टीम्स एकेक करून गळायला लागल्या. पिट्सबर्गची टीम फिलाडेल्फियाला हलवली, तिथे तिने ४४ पैकी फक्त ४ सामने जिंकले आणि ती संपली. ओटावा एक हंगाम खेळलीच नाही, मग परत आली, १९३४ मध्ये सेंट लुइसला गेली आणि एका वर्षात तिचे खेळाडू बाकीच्या टीम्सनी वाटून घेतले. खर्चाला लगाम म्हणून लीगने १९३२ मध्ये पगारावर मर्यादा घातली: अख्ख्या टीमला ७० हजार डॉलर, एका खेळाडूला जास्तीत जास्त साडेसात हजार. त्यात मॉन्ट्रियलमध्ये एकाच स्टेडियममध्ये, फोरममध्ये, दोन टीम्स. फ्रेंच लोकांची कॅनेडियन्स आणि इंग्रजी लोकांची मरून्स. दोघींना पुरतील एवढे प्रेक्षक उरले नव्हते.

आणि नेमके याच वेळी मोरेन्झचे पाय मंदावले. वय तिशीपार, दुखापती वाढलेल्या. १९३३-३४ मध्ये फक्त ८ गोल. ज्या फोरममध्ये लोक त्याच्यासाठी उभे राहायचे, तिथेच त्याची हुर्यो उडायला लागली. मालकाने हिशेब केला.

३ ऑक्टोबर १९३४ चा तो ट्रेड जरा नीट समजून घ्या, कारण अडचणीत आलेली टीम कशी विचार करते ते त्यात दिसतं. त्या वर्षी कप शिकागो ब्लॅक हॉक्सने जिंकला होता. पण जिंकल्यावर दोनच महिन्यांत त्यांचा गोलकीपर चार्ली गार्डिनर मेंदूतल्या रक्तस्रावाने वारला. चॅम्पियन टीम, आणि गोलमध्ये उभं राहायला कुणी नाही. मॉन्ट्रियलकडे लॉर्न शाबो होता, शिवाय डेट्रॉइटला उसना दिलेला विल्फ क्यूड परत येणार होता. म्हणजे यांच्याकडे एक जास्त, त्यांच्याकडे एकही नाही. शाबो, मोरेन्झ आणि मार्टी बर्क शिकागोला गेले. बदल्यात तिघे आले, त्यात लायोनेल कोनाकर हा मोठा डिफेन्समन. पण कोनाकर कॅनेडियन्सकडून एकही सामना खेळला नाही. त्याला लगेच मरून्सकडे पाठवून त्यांनी नेल्स क्रचफिल्ड या कॉलेजमधून आलेल्या तरुणाचे हक्क घेतले. थोडक्यात काय, म्हातारा होत चाललेला स्टार द्या आणि भविष्य विकत घ्या. कागदावर बरोबरच आहे. मला मालकाला सरसकट व्हिलन करायचं नाही. दिवाळखोरीच्या काठावर बसून भावनिक होणं परवडत नाही. पण कागदाचं पुढे काय झालं ते बघा. क्रचफिल्ड एकच हंगाम खेळला, १९३५ मध्ये मोटार अपघातात त्याची कवटी फुटली आणि करिअर संपलं. शाबोने शिकागोत पहिल्याच वर्षी सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी जिंकली. कोनाकरने मरून्सबरोबर १९३५ चा कप उचलला, त्याच फोरमच्या टीमकडून.

मोरेन्झचं मात्र तिकडे काही जमेना. शिकागोचा मालक कॉफीचा व्यापारी, सैन्यात मेजर राहिलेला फ्रेडरिक मॅकलॉफलिन. तो कपडे बदलावेत तसे कोच बदलायचा. पहिल्या वर्षी मोरेन्झचे पुन्हा ८ गोल. दुसऱ्या हंगामात तो बाकावर बसायला लागला, आणि जानेवारी १९३६ मध्ये त्याला न्यूयॉर्क रेंजर्सकडे धाडलं. तिथेही तेच. दीड वर्षात दोन ट्रेड, आणि प्रत्येक वेळी किंमत खाली.

इकडे कॅनेडियन्सची हालत त्याच्याहून वाईट. मोरेन्झ गेला, गर्दी आणखी आटली. १९३५ मध्ये टीम क्लीव्हलँडला हलवायची बोलणी सुरू झाली होती. शेवटी तिथल्याच लोकांनी १ लाख ६५ हजार डॉलरला ती विकत घेतली, म्हणून वाचली. पुढचा हंगाम ४८ सामन्यांत ११ विजय. आपल्या विभागात तळाला.

नव्या मालकांनी कोच म्हणून परत बोलावलं सेसिल हार्टला. त्याची एक अट होती: मोरेन्झ परत हवा. रेंजर्सने रोख पैसे घेऊन सोडला. ३४ व्या वर्षात त्याने पुन्हा सात नंबर घातला, आजूबाजूला पुन्हा जोलिया आणि गान्यो. आणि खरंच गाडी रुळावर आली. ३० सामन्यांत ४ गोल, १६ असिस्ट. जुना वेग नव्हता, पण कुठे पास द्यायचा ते कळत होतं. मागे डिफेन्सला बॉस्टनकडून आणलेला बेब सीबर्ट होता, तोही दुसऱ्या टीमने संपला म्हणून सोडलेला, आणि त्याच वर्षी हार्ट ट्रॉफी त्यालाच मिळाली. तळाची टीम विभागात पहिली आली.

मोरेन्झने ते पाहिलं नाही. २८ जानेवारी १९३७, फोरम, समोर शिकागो. कोपऱ्यात पकच्या मागे जाताना तो पडला, स्केट कडेच्या लाकडी फळीत अडकला आणि अर्ल सायबर्ट त्याच्यावर येऊन आदळला. पाय चार ठिकाणी मोडला. सेंट ल्यूक हॉस्पिटलच्या खोलीत रोज मित्र, चाहते, फुलं, बाटल्या. बाहेर पार्टीसारखं वातावरण आणि आत हा माणूस समजून चुकलेला, की आता खेळणं नाही. काही आठवड्यांत तो मानसिकदृष्ट्या कोसळला, डॉक्टरांनी भेटी बंद केल्या. ८ मार्चला रक्ताची गुठळी हृदयापर्यंत गेली आणि तो संपला. त्याने दुःखानेच प्राण सोडला, असं मॉन्ट्रियलमध्ये पुढे कित्येक वर्षं सांगितलं गेलं. वैद्यकीय कारण वेगळं आहे, पण हे ऐकल्यावर मलाही वाद घालावासा वाटत नाही.

११ मार्चला शवपेटी फोरमच्या मधोमध ठेवली. हजारो लोक आत, त्याहून जास्त बाहेर रस्त्यावर. नोव्हेंबरमध्ये कुटुंबाच्या मदतीसाठी सामना झाला. मॉन्ट्रियलच्या दोन्ही टीम्स एकत्र विरुद्ध बाकीच्या लीगचे स्टार. सात नंबर कायमचा निवृत्त केला गेला, कॅनेडियन्सच्या इतिहासातला पहिला. आणि ती मरून्स? १९३८ मध्ये बंद पडली.

मोरेन्झची मुलगी मार्लिन हिने पुढे कॅनेडियन्सच्याच बर्नी जेफ्रियनशी लग्न केलं. जेफ्रियनचा ५ नंबर निवृत्त करण्याचा सोहळा ११ मार्च २००६ ला ठरला होता, आणि त्याच दिवशी सकाळी तो कॅन्सरने गेला. सोहळा झाला. त्याचा ५ वर चढवताना छतावरचा जुना ७ खाली आणला आणि दोघांना बरोबर वर नेलं.

त्यानंतर सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, कॅनेडियन्सचा हंगाम पुन्हा पार गंडला होता आणि पुन्हा ट्रेड चालू होते. नॅशव्हिलकडून त्यांनी एक तरुण फॉरवर्ड घेतला. ब्लेक जेफ्रियन, मोरेन्झचा पणतू. ५ ही निवृत्त, ७ ही निवृत्त. त्याने ५७ मागून घेतला.