डॉ. रखमाबाई : बंद दारे उघडणारी वैद्य

डॉ. रखमाबाई यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजात झाला. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह लावण्यात आला. परंतु त्या सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्यांनी विद्या जोपासली. १८८४ मध्ये पतीने दावा दाखल केला. नांदावयास जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा निकाल १८८७ मध्ये लागला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन पतीने दावा सोडला.

पुढील वर्षी त्या लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. तेथील रॉयल कॉलेजांची परीक्षा मात्र स्त्रियांना बंद होती. रखमाबाईंनी स्कॉटलंडमध्ये परीक्षा देऊन १८९४ मध्ये वैद्यकीय पात्रता मिळविली. पुढे सुरत व राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वाटेत बुद्धीची उणीव कधीच नव्हती. अडथळे रूढीने आणि संस्थांनी उभे केले होते. दहावी होताच मुलीच्या विवाहाची घाई करणाऱ्या पालकांनी हे जीवन अवश्य आठवावे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!