जॉन अब्राहम : लोकवर्गणीचा दिग्दर्शक

निर्मात्याच्या जाचाविषयी तक्रार करणारे दिग्दर्शक भारतीय चित्रपटसृष्टीत पुष्कळ झाले. परंतु निर्मात्यालाच वगळून थेट प्रेक्षकाकडे वर्गणी मागावयास जाणारे विरळाच. मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम हे अशा विरळांपैकी एक होत. पूर्ण लांबीचे अवघे चार चित्रपट त्यांच्या हातून झाले. तथापि चित्रपट नेमका कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी कृतीने दिले, त्यामुळे त्यांचे स्थान संख्येवर अवलंबून राहिलेले नाही.

११ ऑगस्ट १९३७ रोजी केरळातील कुट्टनाड या भातशेतीच्या आणि कालव्यांच्या प्रदेशात एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पदवीनंतर आयुर्विमा महामंडळात नोकरी धरून ते कर्नाटकातील बळ्ळारी येथे राहिले. पण ती स्थिर नोकरी सोडून १९६५ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांना ऋत्विक घटक हे गुरू लाभले. जननाट्य चळवळीतून आलेल्या घटकांची, कला ही लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे ही तळमळ या शिष्याने कायमची उचलली. संस्थेतून बाहेर पडल्यावर मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या चित्रपटासाठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले.

१९७२ मधील त्यांचा पहिला चित्रपट ‘विद्यार्थिकळे इतिले इतिले’ हा रूढ चौकटीतला होता. खेळताना शाळेतील पुतळा फुटतो आणि तो नव्याने उभारण्यासाठी मुले पैसे जमवू लागतात, असे त्याचे कथानक. पुढील आयुष्याचे बीज त्यात होते, हे आज मागे वळून पाहता जाणवते.

१९७७ चा ‘अग्रहारत्तिल कळुदै’ हा तमिळ चित्रपट मात्र सर्वस्वी वेगळा ठरला. त्याच्या लेखनात तमिळ समीक्षक वेंकट स्वामिनाथन यांचा वाटा होता. पोरक्या गाढवाच्या पिलाला एक प्राध्यापक आसरा देतो आणि ब्राह्मणवस्तीत नेऊन ठेवतो. वस्ती प्रथम त्या प्राण्याचा बळी घेते आणि नंतर त्यालाच चमत्कारी मानू लागते. मल्याळी ख्रिस्ती दिग्दर्शकाने तमिळ समाजावर केलेला हा उपरोध अनेकांना झोंबला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला. तरी सामान्य प्रेक्षकापर्यंत तो फारसा गेलाच नाही. सन्मान मिळतो, प्रेक्षक मिळत नाही, हा विरोधाभास जॉन यांना बोचत राहिला. १९७९ मध्ये त्यांनी ‘चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यङ्ङळ’ हा कुट्टनाडच्या जमीनदारी जीवनावरील चित्रपट केला. अपराधभावाने पछाडलेल्या चेरियाच्चनची भूमिका अडूर भासी यांनी केली.

१९८४ मध्ये कोळिकोड येथे मित्रांसह त्यांनी ‘ओडेसा’ ही सामूहिक संस्था उभी केली. हे नाव आयझेनस्टाइनच्या चित्रपटातील ओडेसाच्या पायऱ्यांची आठवण देणारे होते. कार्यकर्ते गावोगाव जात, चॅप्लिनचा ‘द किड’ यांसारखे चित्रपट दाखवीत आणि जमलेल्यांकडून लहानसहान रकमा गोळा करीत. या लोकवर्गणीतून १९८६ मध्ये ‘अम्म अरियान’ तयार झाला. दिल्लीकडे निघालेल्या पुरुषन या तरुणाला वाटेत एक प्रेत दिसते. ते हरी नावाच्या तबलावादकाचे आहे, हे उमगल्यावर ही वार्ता हरीच्या आईला सांगण्यासाठी तो वायनाडहून कोचीकडे निघतो; वाटेत एकेक मित्र त्याला मिळत जातो. शीर्षकाचा आशय ‘आईला कळावे म्हणून’ असा आहे, आणि सारा चित्रपट मुलाने आईला लिहिलेल्या पत्रासारखा उलगडतो. डाव्या चळवळीत होरपळलेल्या पिढीची ही कैफियत आहे. एकट्याने सुरू झालेला प्रवास समूहाचा होतो, ही कथेची घडण आणि चित्रपटाच्या निर्मितीची रीत एकच आहे. आशय आणि अर्थव्यवहार यांचे असे ऐक्य अन्यत्र क्वचितच आढळते.

३१ मे १९८७ रोजी कोळिकोड येथे इमारतीच्या गच्चीवरून पडून झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. त्यांच्या भटकंतीच्या आणि मद्यासक्तीच्या आख्यायिका पुढे इतक्या पसरल्या की त्यांत मूळ कार्य झाकोळून गेले. स्वच्छंदी कलावंताची ती प्रतिमा अपुरी आहे. स्वातंत्र्य म्हणजे एकट्याची मोकळीक, असे ज्यांना वाटते, त्यांनी ओडेसाच्या वर्गणीकडे पाहावे. जॉन अब्राहम यांनी स्वातंत्र्य मिळविले ते अनेकांचे ऋणी होऊन.