शब्दांसाठी आयुष्य वेचणारे संत जेरोम

३० सप्टेंबर हा संत जेरोम ह्यांचा सण. त्यांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. लांब पांढरी दाढी, समोर उघडा ग्रंथ, हातात लेखणी, शेजारी मानवी कवटी आणि पायाशी बसलेला सिंह. त्यातील सिंहाची गोष्ट ही मागाहून जोडली गेलेली दंतकथा आहे. ग्रंथ आणि लेखणी मात्र अगदी खरी. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु एकेका ग्रीक आणि हिब्रू शब्दाच्या अर्थासाठी ह्या माणसाने किती कष्ट उपसले, किती टीका सोसली आणि त्यांच्या कामाची खूण आपल्या रोजच्या प्रार्थनेवर कशी उमटली आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

बालपण आणि शिक्षण

इ. स. ३४७ च्या सुमारास, दाल्मातिया आणि पन्नोनिया ह्या रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्त्रिदोन गावी, एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी आईवडिलांनी त्यांना रोमला पाठवले. तेथे दोनातुस हे नामवंत व्याकरणकार त्यांना गुरू म्हणून लाभले. लॅटिन साहित्याचे त्यांना वेडच लागले. छपाई नसलेल्या त्या काळात त्यांनी स्वतःच्या हाताने ग्रंथ उतरवून काढले आणि आपला छोटा ग्रंथसंग्रह उभा केला. रविवारी ते मित्रांसोबत रोमच्या भुयारी दफनभूमीत रक्तसाक्ष्यांच्या कबरींचे दर्शन घ्यायला जात. तरुणपणी रोममध्येच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इ. स. ३७४ च्या सुमारास ते पूर्वेकडे, अंत्युखियाला गेले. तेथे ते स्वतः गंभीर आजारी पडले आणि त्यांच्या मित्रांना मृत्यूने गाठले. त्याच काळात त्यांना एक स्वप्न पडले. ते न्यायासनापुढे उभे आहेत, आपण ख्रिस्ती असल्याचे सांगत आहेत, आणि न्यायाधीश मात्र त्यांना ख्रिस्ताचा नव्हे तर सिसेरो ह्या रोमन लेखकाचा अनुयायी ठरवून फटक्यांची शिक्षा देत आहे! ह्या स्वप्नाने ते हादरले. पुढे ते खाल्किसच्या वाळवंटात तपश्चर्येसाठी गेले. मनातले मोह आवरावेत म्हणून त्यांनी तेथे एका ख्रिस्ती झालेल्या यहुदी बांधवाकडून हिब्रू शिकायला सुरुवात केली. लॅटिनच्या लालित्याला सरावलेल्या जिभेला ते घशातले उच्चार जड गेले. अनेकदा त्यांनी शिकणे सोडले आणि पुन्हा नव्याने आरंभ केला. ग्रीक भाषेतही ते मुरले ते ह्याच पूर्वेकडील वास्तव्यात. अंत्युखियात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि नंतर कॉन्स्टँटिनोपलमध्ये संत ग्रेगरी नाझियान्झन ह्यांच्या चरणी बसून त्यांनी शास्त्राभ्यास केला.

पोप महोदयांची आज्ञा

इ. स. ३८२ मध्ये जेरोम रोमला परतले. पोप दमासस ह्यांनी त्यांना आपले सचिव नेमले आणि एक अवघड काम सोपवले. त्या काळी लॅटिन शुभवर्तमानाच्या प्रती पुष्कळ होत्या, पण एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. नकलाकारांनी चुका केल्या होत्या, कोणी आपल्या मनाने सुधारणा केल्या होत्या. मूळ ग्रीक प्रतींशी ताडून ह्या शुभवर्तमानांची शुद्ध प्रत तयार करायची होती.

जेरोम ह्यांना धोका दिसत होता. माणसाला लहानपणापासून जे शब्द ऐकण्याची सवय असते तेच त्याला पवित्र वाटतात. त्यात एखादा शब्द वेगळा आढळला की शिकलेला असो वा अडाणी, तो भाषांतरकारालाच खोटारडा ठरवतो. म्हणून त्यांनी लेखणी आवरून धरली. जेथे अर्थच बदलत होता तेथेच दुरुस्ती केली, बाकीचे जुने शब्द तसेच ठेवले. इ. स. ३८४ पर्यंत चारही शुभवर्तमाने तयार झाली.

तीन ग्रीक शब्द

पहिला शब्द आपल्या सर्वांच्या ओठांवरचा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. तेथे मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. गंमत अशी की हा शब्द ग्रीक साहित्यात इतरत्र जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातील थोर पंडित ओरिजेन ह्यांची मातृभाषाच ग्रीक. त्यांनाही तो शुभवर्तमानकारांनी नव्याने घडवलेला शब्द वाटला. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधील खर्चाच्या एका जुन्या यादीत तो सापडल्याचे सांगितले गेले, पण विसाव्या शतकाच्या अखेरीस ती यादी पुन्हा तपासली तेव्हा तेथे तेल ह्या अर्थाचा साधा शब्द निघाला! हा शब्द फोडून पाहिला तर कोणी त्याचा अर्थ जगण्यास आवश्यक असा घेतो, कोणी येणाऱ्या दिवसाची असा घेतो, तर कोणी सर्व वस्तूंहून श्रेष्ठ अशी भाकर असा घेतो. हिब्रू मंडळींच्या एका शुभवर्तमानात येथे उद्याची भाकर असा अर्थ असल्याची नोंद जेरोम ह्यांनीच करून ठेवली आहे.

मग त्यांनी काय केले? संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानात त्यांनी 'रोजची' हा रूढ लॅटिन शब्द तसाच ठेवला. संत मत्तय ह्यांच्या शुभवर्तमानात मात्र सर्व वस्तूंच्या पलीकडची, ह्या अर्थाचा नवा लॅटिन शब्द घातला. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच! परंतु भाविकांच्या प्रार्थनेत 'रोजची' हाच शब्द टिकला, आणि त्याच वाटेने तो आपल्या ओठांवर आला. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ आजही ह्या शब्दाचे दोन्ही पदर उलगडून दाखवतो, ताटातली भाकर आणि ख्रिस्तशरीराची भाकर.

दुसरा शब्द पवित्र मरियेसंबंधीचा. गब्रिएल देवदूत तिला 'केखारितोमेने' असे संबोधतो. कृपा ह्या अर्थाच्या 'खारिस' ह्या शब्दाशी त्याचे नाते आहे. जिच्यावर देवाने आधीच कृपा केली आहे आणि जी त्या कृपेत आजही आहे, असा अर्थ त्या एका क्रियारूपात सामावला आहे. लॅटिनमध्ये त्याला जोड सापडत नव्हती, म्हणून 'कृपेने पूर्ण' अशा दोन शब्दांत तो मांडला गेला. जेरोम ह्यांनी तो शब्दप्रयोग कायम ठेवला, आणि रोझरीचा मणी सरकवताना आपणही मरियेला कृपापूर्ण म्हणतो. संत स्तेफन ह्यांनाही प्रेषितांच्या कृत्यांमध्ये कृपेने पूर्ण म्हटले आहे, पण तेथे ग्रीक शब्द वेगळे आहेत. मरियेला लाभलेले ते संबोधन नव्या करारात दुसऱ्या कोणालाच मिळालेले नाही.

तिसरा शब्द 'मेतानोइआ'. येशूने आपल्या कार्याचा आरंभ ह्याच हाकेने केला. मन बदलणे, जीवनाची दिशा फिरवणे हा त्याचा गाभा. लॅटिनमध्ये त्यासाठी प्रायश्चित्त करणे असा शब्दप्रयोग रूढ होता आणि जेरोम ह्यांनी तोच ठेवला. पुढे सोळाव्या शतकात इरॅस्मस ह्यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि ह्या एका शब्दावरून युरोपात मोठे वाद झाले. बाहेरचे प्रायश्चित्त आणि आतले मनपरिवर्तन ह्यांची फारकत झाली की शब्द पोकळ होतो, हे उपवासकाळात राख कपाळी लावताना आपणही आठवावे.

बेथलेहेमची गुहा

रोममध्ये मार्सेला, पाउला आणि पाउलाची मुलगी युस्टोकियम अशा थोर घराण्यांतील स्त्रिया जेरोम ह्यांच्याकडे पवित्र शास्त्र शिकत होत्या. पाउलाची दुसरी मुलगी ब्लेसिला कडक उपवासांनंतर ऐन तारुण्यात मरण पावली, तेव्हा लोकांनी जेरोम ह्यांच्याकडे बोट दाखवले. त्यांची जीभ आणि लेखणी मुळातच तिखट. त्यामुळे शत्रूही पुष्कळ होते. पोप दमासस ह्यांच्या निधनानंतर, इ. स. ३८५ मध्ये त्यांना रोम सोडावे लागले. पाउला आणि युस्टोकियम मागोमाग निघाल्या. ३८६ पासून बेथलेहेम हेच त्यांचे घर झाले. पाउलाने आपल्या संपत्तीतून तेथे पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. ती हिब्रू इतकी छान शिकली की स्तोत्रे त्याच भाषेत गात असे.

त्या वेळी ख्रिस्तसभा जुना करार 'सेप्टुअजिंट' ह्या प्राचीन ग्रीक भाषांतरातून वाचत होती. अनेकांच्या मते ते भाषांतरही देवप्रेरित होते. जेरोम ह्यांनी मात्र थेट हिब्रू मूळ गाठायचे ठरवले. बारानिना नावाचे एक यहुदी गुरू लोकांच्या भीतीने रात्रीच्या अंधारात त्यांना शिकवायला येत. इ. स. ३९० ते ४०५ अशी सुमारे पंधरा वर्षे हे काम चालले.

टीका थांबत नव्हती. एकदा त्यांनी एका बिशपांचे ग्रीक पत्र मित्रासाठी लॅटिनमध्ये उतरवले. ती खासगी प्रत चोरीला गेली आणि आदरणीय ह्या शब्दाऐवजी प्रिय असा शब्द वापरला म्हणून त्यांच्यावर लबाडीचा आरोप झाला! त्याला उत्तर देताना त्यांनी भाषांतराचे तत्त्वच मांडले. इतर लिखाणात शब्दाला शब्द न ठेवता अर्थाला अर्थ द्यावा, पवित्र शास्त्रात मात्र शब्दांचा क्रमदेखील गूढ असतो, तेथे अधिक जपून राहावे.

भोपळा की आयव्ही?

सर्वांत मोठे वादळ उठले ते एका वेलीवरून. निनवे शहराबाहेर बसलेल्या योना संदेष्ट्याला सावली देणारी वनस्पती ग्रीक भाषांतरात भोपळ्याची वेल होती. जेरोम ह्यांनी तेथे आयव्ही हा शब्द घातला. उत्तर आफ्रिकेतील ओएया गावच्या चर्चमध्ये हे नवे भाषांतर वाचले गेले आणि लोक खवळले. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला शब्द बदलला होता. आपल्याजवळ कोणी भाविकच उरणार नाही अशी वेळ आली, तेव्हा बिशपांना माघार घ्यावी लागली. संत ऑगस्टीन ह्यांनी इ. स. ४०३ मध्ये हा प्रसंग पत्राने जेरोम ह्यांना कळवला.

जेरोम ह्यांनी उत्तर दिले की हिब्रू शब्दाने दाखवलेले झाड रुंद पानांचे, स्वतःच्या खोडावर उभे राहणारे आहे. त्याला लॅटिनमध्ये नावच नाही. हिब्रू शब्द तसाच ठेवला असता तर कोणाला कळला नसता, भोपळा म्हटले असते तर मुळात नसलेले लिहिले असे झाले असते. म्हणून आधीच्या भाषांतरकारांनी वापरलेला शब्द त्यांनी घेतला. त्यांनी केलेले वर्णन आपल्या ओळखीच्या एरंडाला लागू पडते.

दोघांचेही म्हणणे विचार करण्यासारखे आहे. संत ऑगस्टीन ह्यांना काळजी होती ती साध्या भाविकांच्या श्रद्धेची आणि ग्रीक व लॅटिन ख्रिस्तसभांच्या ऐक्याची. जेरोम ह्यांना ध्यास होता सत्याचा. पत्रांतून खटके उडाले, तरी दोघांनी संबंध तोडले नाहीत आणि पुढे त्यांच्यात स्नेह वाढला.

शब्दाकडून कृतीकडे

इ. स. ४०४ मध्ये पाउलाचे निधन झाले. ४१० मध्ये रोम शत्रूंनी लुटले, त्यानंतर थोड्याच काळात मार्सेलाही गेली. एके काळचे श्रीमंत रोमकर निर्वासित होऊन बेथलेहेमच्या दारी आले. जेरोम तेव्हा यहेज्केल संदेष्ट्यावर भाष्य लिहीत होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि निर्वासितांच्या सेवेला लागले. शास्त्राचे शब्द आता कृतीत उतरवायची वेळ आहे, अशी त्यांची भावना होती. आयुष्यभर शब्दांवर जीव लावलेल्या माणसाचे हे सर्वांत सुंदर भाषांतर म्हणावे लागेल. ४१६ मध्ये हल्लेखोरांनी त्यांचे मठ जाळले. ४२० मध्ये ३० सप्टेंबर रोजी बेथलेहेममध्येच त्यांनी देह ठेवला.

त्यांचे भाषांतर पुढे 'व्हल्गेट' नावाने ओळखले गेले आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याला अधिकृत मान्यता दिली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ मध्ये 'देवशब्दाचा रविवार' सुरू केला, तोही संत जेरोम ह्यांच्या सणादिवशीच. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये हाच दिवस आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन म्हणून मान्य केला.

प्रिय बंधुभगिनींनो, प्रार्थनेतला किंवा वाचनातला एखादा शब्द बदलला की आपल्यालाही चुकल्याचुकल्यासारखे होते. अशा वेळी ओएयाचे भाविक आठवावेत आणि बेथलेहेमच्या दिव्याखाली डोळे झिजवणारे जेरोमही आठवावेत. शब्द का बदलला हे फादरांना जरूर विचारावे, रागावून पाठ मात्र फिरवू नये. आणि घरातल्या बायबलवर धूळ बसली असेल तर ह्या सणाच्या निमित्ताने ते उघडावे. रात्रीच्या रोझरीनंतर शुभवर्तमानातील एक उतारा सर्वांनी मिळून वाचावा, आणि त्यातला निदान एक शब्द दुसऱ्या दिवशी कृतीत उतरवावा.

संत जेरोम, आम्हांसाठी विनंती कर.