स्वस्थ न बसणारा मुलगा

शांत, नव्याने वसलेल्या वसाहतीतील बालपण म्हणजे काय, हे भिलाईच्या सेक्टरांत मुले वाढविलेल्या आपणां मराठी कुटुंबांना निराळे सांगावयास नको. दुपारी सर्वत्र सामसूम असावी आणि ती मोडण्याचे काम मुलांनी इमानेइतबारे करावे, हा तेथील नित्यक्रम. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे अशाच वातावरणात वाढले.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत, गावदेवी भागात झाला. बालपणीची पहिली काही वर्षे मात्र गेली ती जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत आणि त्यानंतरची पार्ल्यात. आज गर्दीने गजबजलेली ही उपनगरे त्या काळी निवांत होती. घरात गाण्याच्या बैठका होत, पुस्तकांचा वावर असे. भावंडांच्या त्या मेळ्यात भाईंना (घरात त्यांना हेच नाव होते) क्षणभर स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. स्वस्थ बसल्यास पैसे देण्याचे आमिष घरच्यांनी दाखवून पाहिले. ती कमाई त्यांना कधीच साधली नाही!

या चळवळ्या मुलाला वळण लावले ते आजोबांनी. मातुल आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत. त्यांनी दहा-पंधरा ओळींचे भाषण लिहून द्यावे आणि पाच वर्षांच्या नातवाने ते हावभावांसह शाळेत म्हणून दाखवावे, असे दोन-तीन वर्षे चालले. सातव्या वर्षी आजोबांनी फर्माविले की, यापुढे भाषण ज्याचे त्याने लिहावयाचे. आमच्या मते पु. लं.च्या चरित्रातील ही कळीची घटना होय. दुसऱ्या एखाद्या घरात त्याच व्रात्यपणाला धपाटे मिळाले असते; येथे त्याला व्यासपीठ मिळाले.

पार्ल्यातील वडीलधारी मंडळीही याच वृत्तीची. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, आणि संघाच्या टिळक मंदिरात व्याख्यानांना मुलांनाही मज्जाव नव्हता. एकदा तेथे साहित्यसम्राट न. चिं. केळकर फेडरेशन या विषयावर बोलले. शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारण्यास सांगितले, तेव्हा शाळकरी पु. लं.नी उठून पुण्यातील अंजिराचा भाव विचारला. भाषणातले काहीच न कळल्यामुळे हा मार्ग त्यांनी पत्करला होता. अशा कार्ट्याला पुढच्या व्याख्यानास बंदी व्हावयाची. ती झाली नाही. शाळेत असतानाच त्यांनी बालगंधर्वांसमोर पेटी वाजविली आणि शाबासकी मिळविली.

पुढे वडिलांचे छत्र अकाली हरपले आणि खोड्यांचे दिवस सरले. शिकवण्या, कारकुनी, शाळामास्तरकी असे सारे त्यांनी केले. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नंतरचे नाटक, चित्रपट, संगीत व विनोदी लेखन मराठी माणसास मुखोद्गत आहे. येथे त्याची यादी कशाला? एवढे मात्र सांगावेसे वाटते की, आजोबांनी मराठीत आणलेल्या रवींद्रनाथांचे मूळ शब्द वाचावेत म्हणून हा मुलगा पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकला. तेव्हाही स्वस्थ बसणे त्यांना जमले नव्हतेच.

१२ जून २००० रोजी, विवाहाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघातील एका सभागृहाला आता त्यांचे नाव आहे.