आपले माप ओळखणारा संत

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो; परंतु पोटाच्या दुखण्याने जन्मभर गांजलेले रुग्ण म्हणून त्यांची ओळख फारशी करून दिली जात नाही.

त्यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतात झाला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर त्यांचे मनःपरिवर्तन झाले. पुढे मानरेसा गावी त्यांनी तपश्चर्येचा अतिरेक केला. मन शंकांनी छळू लागले, तेव्हा तर आठवडाभर त्यांनी अन्नपाण्याला स्पर्श केला नाही. प्रायश्चित्त ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हा कुठे तो उपवास सुटला. त्याच गावी ते तापाने मरणाच्या दारी पोहोचले. पॅरिसमध्ये शिकत असताना पोटदुखी इतकी वाढली, की १५३५ साली वैद्यांच्या सल्ल्यावरून हवापालटासाठी त्यांना मायदेशी जावे लागले.

त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आहाराविषयी आठ नियम आहेत. भाकरीत कपात करण्याचे फारसे कारण नाही. पेयांबाबत व चमचमीत पदार्थांबाबत मात्र अधिक सावध राहावे. आहार हळूहळू कमी करीत स्वतःकडे लक्ष ठेवावे. अशक्तपणा जाणवला तर आपले माप कोणते ते कळते. पुढच्या जेवणाचे प्रमाण भूक नसताना, म्हणजे आधीचे जेवण उरकल्यावरच ठरवून टाकावे. (ताटावर बसल्यावर केलेले निश्चय किती टिकतात, हे उपवासकाळात आपण सर्वच अनुभवतो!)

गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा कठोर उपवासांनी खंगत चालले होते. १५४८ साली इग्नेशियसांनी त्यांना पत्राने कळवले, की प्रार्थना-तपश्चर्येचा वेळ निम्मा करा व पोटाला बळ द्या. आत्म्याप्रमाणे शरीरही परमेश्वराचेच आहे आणि त्याचाही हिशेब द्यावयाचा आहे. संघाच्या नियमावलीतही शरीराच्या जपणुकीसाठी त्यांनी एक स्वतंत्र प्रकरण घातले.

स्वतःच्या बाबतीत मात्र ते चुकले, असे मला वाटते. रोममध्ये ऐन उकाड्यात एका तरुण वैद्याने खिडक्या बंद करवून त्यांच्यावर जाड पांघरुणे घातली. हे आपल्याला बाधते आहे हे कळत असूनही ते आज्ञाधारकपणे सोसत राहिले. अखेर सहकाऱ्यांनी अलेस्सांद्रो पेत्रोनी या अनुभवी वैद्यांना बोलावले; त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या, तेव्हा ते वाचले.

३१ जुलै १५५६ रोजी त्यांचे निधन झाले. शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा मूत्रपिंडांत, यकृतात आणि यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतही खडे सापडले.