मोचीने लाकडावर चामडं ठोकलं आणि गाडीला पहिलं ब्रेक लायनर मिळालं

जुन्या गाडीचा नाद असलेला एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याला विचारून बघा, सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची? रंग, सीट, हेडलाइट हे सगळं होतं. खरी परीक्षा असते ब्रेकची. गाडी चालू झाली नाही तर फार तर लाज जाते. गाडी थांबली नाही तर जीव जातो. आणि कंपनीने ज्या मॉडेलचे पार्ट बनवणं कधीच बंद केलंय, त्याचे ब्रेक शू आणायचे कुठून?

आता गंमत बघा. हा प्रश्न गाड्यांइतकाच जुना आहे. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातच तो उभा राहिला होता. तेव्हा स्पेअर पार्टचं दुकान नव्हतं, गॅरेज नव्हतं, मेकॅनिक नावाचा प्राणी जन्माला यायचा होता. आणि गाडीत बसली होती एकोणचाळीस वर्षांची एक बाई आणि तिची दोन पोरं.

तिचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीज-बेंझमधलं बेंझ.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. वडील बांधकामाच्या धंद्यातले, घर खाऊनपिऊन सुखी. पण मुलगी झाली म्हणून घरात पेढे वाटले गेले असं काही नाही. पुन्हा मुलगीच झाली, अशी हळहळीची नोंद घरच्या बायबलमध्ये केलेली होती आणि ती पुढे बर्थाच्या वाचनात आली असं सांगतात. आपल्याकडच्या कित्येक ‘नकुशीं’ची आठवण यावी असाच हा प्रकार.

पोरगी मात्र हुशार. यंत्र कसं चालतं हे समजून घ्यायची तिला भारी हौस. अशात तिची गाठ पडली कार्ल बेंझ नावाच्या इंजिनियरशी. डोकं अफाट, खिसा फाटका. घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवायचं खूळ त्याने डोक्यात घेतलेलं.

कार्लने १८७१ मध्ये मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर वर्कशॉप काढलं होतं. भागीदार काही भरवशाचा निघाला नाही आणि धंदा बुडायच्या बेतात आला. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपला हुंडा घरून मागून घेतला आणि त्या पैशातून रिटरचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं. म्हणजे या कंपनीची पहिली मोठी गुंतवणूकदार तीच. २० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं. लग्न झालं आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे बायकोच्या पैशावरचा अधिकार नवऱ्याकडे गेला. त्यामुळे कागदोपत्री बर्था कुठेच दिसत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं नुसती ओढाताण. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्री वर्कशॉपमध्ये कार्लचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चाललं, तेव्हा बर्था शेजारी उभी होती. १८८३ मध्ये नवीन भागीदार मिळून ‘बेंझ अँड कंपनी’ उभी राहिली आणि २९ जानेवारी १८८६ ला कार्लने तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज टाकला. आज हीच तारीख मोटारगाडीचा वाढदिवस मानली जाते.

गाडी तयार, पेटंट हातात. मग अडलं कुठं?

गिऱ्हाईकच येईना. रस्त्यात फटफट आवाज करणारं, घोडे बुजवणारं हे धूड घ्यायचं कशाला, असा लोकांचा सवाल. आणि कार्ल पडला परफेक्शनवाला. अजून हे सुधारू, अजून ते सुधारू. गाडी शहराच्या आसपास थोडी फिरायची आणि परत शेडमध्ये जायची. ही गाडी खरोखर प्रवासाला चालते, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

बर्थाने ठरवलं, आपणच दाखवू.

१८८८ चा ऑगस्ट महिना, शाळांना सुट्ट्या. एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाने पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्यापेक्षा लहान रिचर्ड यांना सोबत घेतलं, तिघांनी गाडी हळूच बाहेर काढली आणि निघाले फोर्झहाइमला, बर्थाच्या माहेरी. अंतर साधारण १०० किलोमीटरच्या वर. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे. नवऱ्याला न सांगता माहेरी जाणाऱ्या बायका पुष्कळ असतील, पण त्याचीच गाडी घेऊन गेलेली ही पहिलीच.

त्या दिवशीच्या भानगडी वाचल्या तर एखाद्या मेकॅनिकची डायरी वाचतोय असं वाटतं. इंधन संपलं, तर वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. हे तेव्हा डाग काढायला वापरायचं पेट्रोलसारखं द्रव्य. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावायच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनच्या वायरचं आवरण झिजलं, तर मोजे बांधायचा पट्टा काढून त्याला गुंडाळला. साखळीचं काम निघालं, ते ब्रुखझालच्या लोहाराकडून करून घेतलं. इंजिन गार ठेवायला पाणी लागायचं आणि ते वाफ होऊन उडून जायचं, म्हणून दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर थांबायचं. चढ आला की पोरांनी उतरून ढकलायचं.

चढाचं हे असं. पण ढकलून चढवलेली गाडी पलीकडे उतरवायचीही असते, आणि खरा धोका तिथे होता.

त्या गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडाचे ठोकळे. दांडा ओढला की ठोकळा दाबला जायचा आणि घासून घासून गती कमी व्हायची. घोडागाडीत हे चालून जायचं, कारण तिथे ब्रेकबरोबर घोडाही थांबतो. मोटारीत घोडा नाही. फोर्झहाइम ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागाच्या तोंडाशी आहे, तिथे रस्ता वरखाली होतो. उतारावर गाडीचं आणि तीन माणसांचं सगळं वजन त्या लाकडावर. लाकूड घासलं की तापतं, गुळगुळीत होतं, झिजतं आणि पकड सोडतं. ब्रेक लागेनासा झाला. घाट उतरताना पेडल खाली जातंय पण गाडी थांबत नाही, असा अनुभव ज्याने घेतलाय त्याला त्या क्षणी पोटात कसा गोळा येतो ते सांगायला नको.

बर्थाने काय केलं? बाउश्लॉट नावाच्या गावात मोची गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले.

बस्स, एवढंच. पण याच तुकड्यांना आज जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग म्हटलं जातं.

यात मोठं काय, असं वाटू शकतं. मोठं असं, की तिने ब्रेकचे दोन भाग केले. एक आधार देणारा कडक भाग आणि दुसरा त्याच्यावरचा झिजणारा थर. झिजायचं ते थराने झिजावं, तो काढून नवा लावावा, मूळ भाग तसाच राहावा. तुमच्या स्कूटरच्या ब्रेक शूवर जे लायनर चिकटवलेलं असतं, ते नेमकं हेच काम करतं. शिवाय चामडं लाकडापेक्षा जास्त पकड देतं. तिने मोचीच का गाठला, तर रोज पायाखाली घासूनही टिकणारी वस्तू ज्याच्या हाताखालून जाते, तो गावात तोच. आमच्या मते हॅटपिनचा किस्सा सगळे सांगतात, पण त्या प्रवासातली सगळ्यात अक्कलहुशारीची गोष्ट ही होती.

अर्थात चामड्यालाही मर्यादा आहेत. भिजलं की घसरतं, जास्त तापलं की करपतं. गाड्यांचा वेग वाढला तसं ते मागे पडलं आणि पुढे विसाव्या शतकात जवळजवळ सगळ्या जगाने अॅस्बेस्टॉसची लायनिंग वापरली. उष्णतेला ते जबरदस्त टिकतं, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरपर्यंत मजल जाते. म्हणून आज जुन्या गाडीचे ड्रम उघडणाऱ्यांनी आतली काळी धूळ हवेच्या प्रेशरने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, मास्क लावावा. कुठल्यातरी गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेला, डबाबंद ‘ओरिजिनल’ शू मिळाला म्हणून हरखून जाऊ नये, तेही याचसाठी. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, लायनर चिकटवलेलं असेल तर गोंदाची पकड गेलेली असू शकते. व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशरचं आणि होजपाइपचं तर विचारूच नका, रबर नुसतं पडून पडूनही कडक होतं. त्यापेक्षा आपल्या गाडीचा जुना लोखंडी शू शाबूत असेल तर तोच साफ करून त्याच्यावर नव्या, अॅस्बेस्टॉस नसलेल्या मटेरियलचं लायनर चांगल्या कारागिराकडून बसवून घेणं बरं. मापही फक्त लांबी-रुंदीचं जुळून भागत नाही, ड्रमच्या गोलाईला शू सगळीकडून टेकायला हवा.

असो. तर आपली बर्था.

संध्याकाळी अंधार पडता पडता तिघं फोर्झहाइमला पोचले आणि तिने नवऱ्याला तार केली. काही दिवस माहेरी राहून तिघं त्याच गाडीने परत मानहाइमला आले. वाटेत लोकांनी गाडी पाहिली, कुणी घाबरलं, कुणी मागे धावलं, पण सगळीकडे बोलबाला झाला. जाहिरात म्हणतात ती हीच.

परत आल्यावर बर्थाने कार्लसमोर तक्रारींचा पाढा वाचला. गाडी चढ चढत नाही, आणखी एक गिअर हवा. ब्रेकला चामडं हवं. कार्लने चढासाठी जादा गिअर दिला आणि लायनिंगची कल्पनाही उचलली. पोटच्या पोरांना त्या गाडीत बसवून उतार उतरलेल्या बाईचा टेस्ट रिपोर्ट होता तो, टाळणार कसा?

त्यानंतर धंद्याने वेग घेतला. १८९४ मध्ये ‘व्हेलो’ नावाची छोटी गाडी आली आणि शतक संपेपर्यंत बेंझ ही जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी झाली होती. १९०३ मध्ये कार्ल कंपनीच्या रोजच्या कारभारातून बाहेर पडला, नंतर जोडपं लाडेनबुर्ग गावी स्थायिक झालं आणि मुलांबरोबर तिथे नवा कारखाना काढला. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात, बाकी सगळे सोडून जात असताना बायको सोबत उभी राहिली, हे कार्लने मोकळेपणाने लिहून ठेवलंय. एप्रिल १९२९ मध्ये तो गेला.

बर्था त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ ला तिचा पंचाण्णवावा वाढदिवस होता. ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रज्ञान संस्थेत कार्ल शिकला होता, तिने त्या दिवशी बर्थाला मानद सिनेटर केलं. मुलींना जिथे तिच्या तरुणपणी प्रवेशही नव्हता, तिथून आलेला हा सन्मान. दोनच दिवसांनी, ५ मे ला, लाडेनबुर्गच्या घरी ती वारली.

२००८ पासून मानहाइम ते फोर्झहाइम आणि परत, असा तिचा रस्ता ‘बर्था बेंझ स्मृतिमार्ग’ म्हणून अधिकृतपणे आखला आहे. जाताना वीसलोखचं औषधाचं दुकान लागतं, आणि मोचीचं बाउश्लॉट परतीच्या वाटेवर आहे.